नाउम मिस्त्रीने दिलेलं नाव

नाउम मिस्त्री दगड हातात घेतल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलत नसे. आम्ही फोडून दिलेल्या ढिगातून तो एक उचलायचा, चारी बाजूंनी फिरवायचा, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. आतून चिरलेला दगड बद्द वाजतो. तसा वाजला की तो परत ढिगात जायचा. चांगला वाजला तरी लगेच लागायचा नाही. त्याचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं हे ठरेपर्यंत तो हातातच राहायचा.

आम्ही डोंगरातून रस्ता काढत होतो. उताराच्या बाजूला सिमेंट न वापरता दगडी आधाराची भिंत होती. दुसरे मिस्त्री दिवसाला नाउमच्या दीडपट भिंत चढवत. वसंतात बर्फ वितळून माती भिजली की त्यांच्या भिंतीला पोट सुटायचं आणि आम्हाला ती उतरवून पुन्हा लावावी लागायची. नाउमची भिंत पुन्हा लावावी लागली असं मी तरी पाहिलं नाही. मुकादम त्याला आळशी म्हणायचा आणि अवघड वळणं त्यालाच द्यायचा.

तो पश्चिमेकडच्या मिस्त्र्यांच्या गावातला होता. तिथे पुरुष दगड लावायला देशोदेशी जातात आणि शेती बायका करतात. त्याची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी आमची टोळी ब्रेझ्ना गावात होती. आम्ही एका गोठ्याच्या माळ्यावर झोपत असू. लढाई संपून बारा-तेरा वर्षं झाली असतील.

नाउमची एक सवय होती. बाकीचे उठायच्या आत तो कामावर जायचा. सूर्य डोंगराआडून तिरपा येतो तेव्हा भिंतीतला उंचसखलपणा सावलीने कळतो. दुपारी तो दिसत नाही. आदल्या दिवशीची भिंत तो त्या उजेडात तपासायचा आणि एखादा दगड पटला नाही तर टोळी यायच्या आत काढून पुन्हा लावायचा. म्हणजे बोलणी खावी लागत नाहीत, असं तो म्हणे.

शरदातल्या एका सकाळी मीही त्याच्याबरोबर निघालो. गावाच्या खाली ओढ्यावर दगडी पूल आहे. पुलाच्या मधोमध काहीतरी पडलेलं दिसलं. नाउम चार पावलं पुढे होता, त्यामुळे तोच आधी पोचला. लोकरीच्या लाल पट्ट्यात गुंडाळलेलं तान्हं मूल होतं. जागं होतं, रडत नव्हतं.

आमच्या भागातल्या माणसाला अशा वेळी काही सांगावं लागत नाही. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथलं नवं मूल पहाटे पुलावर नेऊन ठेवतात. पहिला जो येईल तो त्याचा कूम. कूम म्हणजे मुलाला नाव देणारा, पुढे जन्मभराचा नातेवाईक. त्याचा मान सख्ख्या भावाहून मोठा. तो चोर असो, भिकारी असो, दुसऱ्या धर्माचा असो, त्याला नाही म्हणता येत नाही आणि घरच्यांना तो बदलता येत नाही. तेव्हा राज्यावर असलेल्या पक्षाच्या लोकांना हे प्रकार आवडत नसत, म्हणून फार बोभाटा न करता उरकत.

नाउमने टोपी काढली आणि मुलाला उचललं. तेवढ्यात कठड्यामागच्या झुडपातून दोन बायका बाहेर आल्या. एक दोंका, मुलाची आई. तिचा नवरा तोमे खाणीत होता, महिन्यातून एकदा घरी येई. दुसरी तिची सासू वेलिका. वेलिका दोन्ही हात हलवत येत होती, शेतातून गुरं हाकलतात तसे.

"मिस्त्री, ठेव खाली. तू नाही. तू पुढे जा."

"का?" नाउमने विचारलं.

"अजून वेळ झाली नाही."

"मूल तर ठेवलेलं आहे."

दोंका सासूकडे बघत होती. "आई, वेळ झाली नाही म्हणजे? कसली वेळ?"

वेलिकाला उत्तर द्यावं लागलं नाही. गिरणीच्या वाटेने तिचा भाऊ स्पासे येताना दिसला. स्पासे सहकारी दुकान चालवायचा. सकाळच्या त्या वेळी तो नव्या टोपीत होता आणि काखेत घडी केलेलं फुलाफुलांचं कापड होतं. सहज वाटेने जाणाऱ्या माणसाजवळ बारशाचं कापड कुठून येणार?

दोंकाने कापडाकडे पाहिलं, मग सासूकडे.

"तुम्ही माणूस ठरवून आणलात."

"घरचा माणूस आहे," वेलिका म्हणाली. "तुझा मामेसासरा. कुणी परका दगडफोड्या कूम होण्यापेक्षा बरा."

"दोन गेली माझी. ठरवून केलेलं त्याला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? ही पण जाईल."

त्याला म्हणजे कुणाला ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

स्पासे जवळ आला, त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "ताई, मी उशिरा आलो का?"

"तू वेळेवर आलास. हा लवकर आला."

"मग आता मी काय करू?"

"गप्प उभा राहा."

दोंका नाउमसमोर आली. "मिस्त्री, पहिले तुम्ही आलात. मुलगी आहे. नाव द्या."

नाउमने मुलीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "आत्ता नाही."

"आत्ता नाही म्हणजे?"

"नाव माझ्याजवळ नाही. शोधावं लागेल. संध्याकाळच्या आत देतो."

वेलिका हसली. "नाव म्हणजे काय पाव आहे, फुगायला ठेवायला? वेलिका म्हण आणि मोकळा हो. आजीचं नाव नातीला. सगळं जग ठेवतं."

"आधीच्या मुलीचं काय होतं?" नाउमने दोंकाला विचारलं.

"वेलिका."

"आणि मुलाचं?"

"मित्रे. जावळ काढायच्या आतच गेली दोघं."

नाउमने मान हलवली. खिशातून धुतलेला रुमाल काढून मुलीच्या अंगावर ठेवला, कारण कूमने काहीतरी द्यावं लागतं, आणि मूल आईच्या हातात दिलं.

आता अडचण अशी की पुलावर ठेवलेलं मूल नावाशिवाय उंबऱ्याच्या आत नेता येत नाही. वेलिका पाय आपटत घरी गेली. स्पासे कापड घेऊन दुकानात गेला. दोंका मुलीला घेऊन आमच्याबरोबर भिंतीपाशी आली आणि एका सपाट दगडावर बसली. मुकादमाने आल्यावर विचारलं, ही कोण. नाउम म्हणाला, माझी कुमा, मी उचललेल्या मुलीची आई. मुकादम म्हणाला, सुट्टी मिळणार नाही. नाउम म्हणाला, मागितलेली नाही.

आणि त्याने रोजच्यासारखं काम सुरू केलं.

टोळीत बातमी पसरली तेव्हा ज्याच्या त्याच्याकडे नाव होतं. कुणी आईचं सांगितलं, कुणी बहिणीचं. आमच्यातला एक दगडफोड्या, जाडजूड, नेहमी बायकोच्या तक्रारी करणारा, म्हणाला, "माझ्या बायकोचं ठेव. काही केल्या मरत नाही ती."

दोंका त्या दिवशी पहिल्यांदा हसली. नाउम हसला नाही. "तुझ्या बायकोचं काय नाव?"

"स्तोयना."

"आजीचं पण स्तोयना होतं ना तुझ्या?"

"होतं."

"ती मेली?"

"मेली."

"मग ते वापरलेलं आहे."

दुपारी शिट्टी झाली. आम्ही पाव, चीज आणि भाजलेल्या मिरच्या काढल्या. नाउमने आपला पाव दोंकाला दिला आणि मला म्हणाला, "चल गड्या." आम्ही चढ चढून चर्चच्या मागच्या दफनभूमीत गेलो. तो एकेका ओळीतून चालू लागला. थडग्याच्या दगडावरचं नाव वाचायचा, पुढे सरकायचा. पुरुषांची नावं सोडून द्यायचा. अक्षरं झिजली असतील तिथे बोटांनी चाचपायचा. एखाद्या ठिकाणी थांबून म्हणायचा, "हा दगड उताराच्या विरुद्ध लावलाय," आणि पुन्हा चालायचा. माझं पोट ओरडत होतं.

शेवटी कोपऱ्यात ओढ्यातले दोन गोटे होते. अक्षरं नव्हती. एक कलला होता. नाउम तिथे बसला, गोटा हलवून पाहिला. हलला. त्याने खालची माती बोटांनी दाबली आणि उठला.

परत येताना म्हणाला, "आपल्याकडच्या बायकांची सगळी नावं तिथे आहेत. एकही सुटलेलं नाही."

"मरायच्या सगळ्याच," मी म्हणालो. "म्हणून काय नावच द्यायचं नाही?"

"तिथे नाही ते द्यायचं. त्याला पत्ता माहीत नको."

दुपारनंतर तो वरचा थर लावत होता. वरच्या थराचे दगड मोठे आणि सपाट असतात, सगळ्या भिंतीला तेच दाबून धरतात. ते लावताना त्याने पिशवीतून पाणसळ काढली. पितळेची कड असलेली, लाकडी, वीतभर लांब. तिच्या काचेत थोडं पाणी आणि एक बुडबुडा. आमच्या बोलीत तिला लिबेला म्हणतात. ती दगडावर ठेवून तो बुडबुडा मध्ये यायची वाट बघत बसला. आला. त्याने पाणसळ उचलली नाही. तसाच बसून राहिला. मग मागे वळून दोंकाकडे गेला.

"लिबेला," तो म्हणाला.

टोळीतले चार-पाच जण मोठ्याने हसले. दोंकाला औजार माहीत नव्हतं. तिने विचारलं, "म्हणजे काय?"

त्याने तिला ते हातात दिलं. "सरळ आहे की नाही ते ही सांगते. मुकादम सांगेल ते ती सांगत नाही. आणि या नावाचं वर थडग्यांत कुणी नाही."

"लोक हसतील हिला."

"हसतील. हसण्याने कुणी मरत नाही."

दोंका पाणसळ फिरवून बघत होती. बुडबुडा इकडून तिकडे पळत होता. "ठेवू का मग?"

"थांब. हाक मारून बघ."

"इथे तर आहे ती."

"अंगणातून शेतात ऐकू गेलं पाहिजे. पुढे आयुष्यभर हाक मारायची आहेस. ओढ्यापलीकडे मार."

दोंका उठली. भिंतीच्या टोकाशी गेली. लाजत होती, कारण सगळी टोळी बघत होती. मग तिने तोंडाशी हात धरून हाक मारली. पलीकडच्या काठावर आमचे दोघे जण चुन्याची भट्टी लावत होते. नाउमने त्यांना ओरडून विचारलं, "काय ऐकलं?"

"लिबेला. हवी आहे का? आमच्याकडे नाही."

"पहिलं अक्षर ऐकलं?"

"सगळं ऐकलं. काम करू दे."

"चालेल," नाउम दोंकाला म्हणाला. "ठेव."

संध्याकाळची शिट्टी झाल्यावर आम्ही तिघे गावात गेलो, कारण कूमला मुलाबरोबर दारापर्यंत जावं लागतं. मी जायला हवं होतं असं नाही, पण बघायचं होतं. दारात घरातलं मोठं माणूस उभं असतं. ते विचारतं, कोण आलंय. आई नाव सांगते. मग मोठं माणूस मुलाला आत घेतं. विचारलं नाही तर मूल बाहेर राहतं.

वेलिका दारात उभी होती. शेजारणी कुंपणाला टेकून होत्या. बातमी आमच्या आधी पोचली होती.

"औजाराचं नाव," वेलिका म्हणाली. "पुढचा मुलगा झाला की त्याचं काय, पहार?"

कुंपणापलीकडे हशा झाला. दोंका उंबऱ्यासमोर उभी राहिली आणि तिने मूल सासूपुढे धरलं.

वेलिका विचारेना. सूर्य डोंगरावर टेकला होता. सूर्य बुडायच्या आत हे व्हावं लागतं, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. एक शेजारीण म्हणाली, "वेलिका, विचार ग." वेलिकाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आई, विचारा," दोंका म्हणाली. तिचे हात भरून आले होते, पण तिने मूल खाली घेतलं नाही.

वेलिका सुनेशी नाही, नाउमशी बोलली. आवाज खाली आणला होता, पण मी जवळच होतो.

"माझं नाव त्या वरच्या माळावर पडलंय, मिस्त्री. मी इथे जिवंत आणि माझं नाव मातीत. त्यावर एक अक्षर नाही. उद्या मी गेले की दोन वेलिका गेल्या. मागे एकही नाही. मला काय हौस होती भावाला नवी टोपी घालायला लावून पुलावर बोलवायची?"

नाउम म्हणाला, "ते नाव लागून झालंय. एका भिंतीत लागलेला दगड मी दुसऱ्या भिंतीत लावत नाही."

"लागलाय कुठे? ओढ्यातला गोटा आणून टाकलाय. तोमेने टाकला, रडत रडत, अंधार पडत होता तेव्हा."

"बघितला. दुपारी."

"मग?"

नाउमने दाढी खाजवली. "वाईट बसवलाय. खाली भर नाही. एक पाऊस झाला की पडेल."

"पडेल," वेलिका म्हणाली.

"मी करून देतो. घडवलेला. अक्षरांसकट."

दोंका मधेच म्हणाली, "दोन्ही. मित्रेचा पण."

"दोन्ही," नाउम म्हणाला.

"कधी?" वेलिकाने विचारलं.

"चांगला दगड मिळाला की."

"मिळाला की म्हणजे कधी?"

"घाई असेल तर स्पासेला सांग. तो कापड देईल, ते पांघर त्यावर."

वेलिकाने एकदा डोंगराकडे पाहिलं. उन्हाची कड तेवढी उरली होती. मग ती सरळ उभी राहिली, एप्रनला हात पुसले.

"कोण आलंय दाराशी?"

"लिबेला," दोंका म्हणाली.

वेलिकाने ते नाव उच्चारलं नाही. हात पुढे केले, मूल घेतलं आणि आत गेली. दोंका तिच्या मागोमाग गेली. आम्ही अंगणात आलुबुखाराची दारू प्यायलो. ती स्पासेनेच आणून दिली, तोंड वाकडं करून.

दगडाची गोष्ट लांबली. ओढ्यातला दगड नाउमला नको होता, रस्त्याच्या खाणीतलाही नको. त्या खाणीतला थंडीने फुटतो, असं त्याचं म्हणणं. हिवाळ्यात काम बंद झालं, बाकीचे घरी गेले, तो ब्रेझ्नातच राहिला. शेजारच्या खोऱ्यात त्याला पांढरा, बारीक कणांचा दगड सापडला. दर रविवारी एका गाढवावर एक धोंडा घेऊन येई. एकदा अर्ध्या वाटेवर धोंडा चिरलेला आढळला, तर तिथेच टाकून परत गेला. पहिला दगड जवळजवळ पूर्ण झाला होता तेव्हा अक्षराच्या टोकाशी एक टवका उडाला. कुणाला दिसला नसता. त्याने तो दगड उलटा करून पायरीला वापरला आणि नवा घेतला.

वेलिका रोज येऊन बघून जाई आणि काहीतरी ऐकवून जाई. "या गतीने माझाही एक करून ठेव, मिस्त्री. तोवर लागेल मला."

"तुझा मोठा लागेल. वेळ जाईल."

वसंतात दोन्ही दगड बसवले. खाली हातभर खोल भर घातली. वेलिकाने खोदलेल्या अक्षरांत बोट घातलं आणि ते किती खोल जातं ते बघितलं. स्पासे म्हणाला, छान झालंय, आणि तिने त्याला हळू बोलायला सांगितलं.

घरात मुलीला ती "ही" म्हणत असे. "हिला भूक लागली", "हिला घे", "ही ओली झाली". दोंकाने सासूला कधी काही म्हटलं नाही. उन्हाळ्यात मुलगी तापली. ताप बरेच दिवस राहिला. दोंकाने नाउमला निरोप पाठवला. टोळी तेव्हा पुढच्या खोऱ्यात गेली होती. तो काम सोडून आला. त्याने काही केलं नाही, करण्यासारखं काही नव्हतंही. डॉक्टर येऊन गेला होता. नाउम अंगणात बसून मोडकं कुंपण नीट करत राहिला. ताप उतरल्यावर परत गेला. मुकादमाने त्याचे तेवढे दिवस कापले.

शरदात मुलीचं जावळ काढायचं होतं. ते कूमने काढायचं असतं. तोमे सुट्टी घेऊन आला होता, शेजारी आले होते, टोळीतून आम्ही दोघे-तिघे आलो होतो. मुलीला वेलिकाच्या मांडीवर बसवलं. मुलगी धट्टीकट्टी होती आणि कात्री धरायला बघत होती.

नाउमने एक बट कापली, मागे सरून पाहिलं, दुसरी कापली, पुन्हा मागे सरला.

"कूम," स्पासे म्हणाला, "जेवण गार होतंय."

"होऊ दे. हे परत जोडता येत नाही."

मुलगी वळवळली आणि कात्री चुकली. वेलिकाने तिची हनुवटी धरली.

"लिबेला, नीट बस ग. हा माणूस धोंड्याला चारदा फिरवून बघतो, तुला तर अंधार पडेपर्यंत बसवील."

दोंका त्याच वेळी पाव घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. मग आत आली, पाव टेबलावर ठेवला आणि सुरी आणायला परत गेली.